त्याने कधी मारलं नाही. मग याला म्हणायचं काय? (घटस्फोट, मुलगी आणि सहीसाठी आलेला कागद)

अबोली_नवी
नमस्कार. इथे सात-आठ वर्षं नुसती वाचत आलेय, बागकामाचे आणि लोणच्याचे धागे जास्त. आज पहिल्यांदा लिहितेय आणि तेही नव्या आयडीने, कारण जुना आयडी घरात माहीत आहे.

लग्नाला अकरा वर्षं झाली, मुलगी आठ वर्षांची. गेले दहा महिने मी तिला घेऊन आईकडे राहतेय. घटस्फोटाचं चालू आहे. या दहा महिन्यांत मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न म्हणजे "मारायचा का?" चौकीत विचारलं, समुपदेशक मॅडमनी विचारलं, मामाने विचारलं. मी खरं ते सांगते की नाही, तसं नाही. की समोरच्याचा चेहरा बदलतो आणि मग मलाच वाटायला लागतं की मी उगाच घर मोडलं का.

माझा पगार त्याच्या खात्यात जायचा, एटीएम कार्ड त्याच्याकडे. रोज सकाळी फ्रिजवर चुंबकाखाली दोनशे रुपये ठेवायचा, संध्याकाळी त्याच चुंबकाखाली बिलं आणि उरलेली चिल्लर ठेवायची. एकदा दहा रुपयांच्या कोथिंबिरीचा हिशेब लागेना तर भाजीवाल्याला फोन करून विचारलं, मी शेजारी उभी असताना. रात्री माझा फोन त्याच्या उशाखाली. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत व्हिडिओ कॉल, टेबलावर कोण कोण बसलंय ते फिरवून दाखवायचं. माहेरी वर्षातून दोनदा, तेही तो सोबत असेल तर. आवाज कधीच चढवायचा नाही, म्हणून सोसायटीत सगळे म्हणतात किती शांत माणूस. काही मनाविरुद्ध झालं की पंधरा-पंधरा दिवस बोलायचा नाही आणि मुलीला सांगायचा की आईचं डोकं ठीक नाही, तू तिच्याजवळ झोपू नकोस. एकदाच, गेल्याच्या गेल्या दिवाळीत, गळ्याला धरून ओट्याला टेकवलं होतं. काही सेकंदच. लगेच सोडलं आणि पाणी आणून दिलं. म्हणून ते मी मारण्यात धरत नाही.

आता त्याच्या वकिलांकडून परस्पर संमतीच्या घटस्फोटाचा कागद आलाय. त्यातल्या अटी: मला पोटगी नको, मुलीसाठीही नको. मी केलेला डीव्हीचा (कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखालचा) अर्ज मागे घ्यायचा. शुक्रवार संध्याकाळ ते रविवार रात्र मुलगी त्याच्याकडे. रोज आठ ते नऊ व्हिडिओ कॉल, फोन आईने जोडून द्यायचा आणि आईने त्याच खोलीत थांबायचं. आणि त्याच्या लेखी परवानगीशिवाय मी हा पिनकोड सोडून राहायला जायचं नाही. येत्या शुक्रवारपर्यंत सही नाही केली तर तो मुलीच्या पूर्ण ताब्यासाठी अर्ज करणार आणि मी डिप्रेशनच्या गोळ्या घेते त्याचं प्रिस्क्रिप्शन लावणार.

आई म्हणते कर सही, एकदाची सुटशील. मला दोन गोष्टी विचारायच्यात. हा छळ आहे का? आणि सही करू का?

सह्यकडा
करू नका. सविस्तर रात्री लिहितो, लोकलमध्ये उभा आहे.

गुळपोळी
अबोली, आधी तू जेवलीस का सांग. आणि हो, हा छळच आहे. मला तो चुंबक वाचून पोटात खड्डा पडला गं.

निशिगंध_ठाणे
माझ्या मोठ्या बहिणीचं वाचतेय असं वाटलं. तिच्याकडे गॅस सिलिंडर लावल्याची तारीख कॅलेंडरवर लिहिलेली असायची आणि पंचेचाळीस दिवसांच्या आत संपला तर माहेरच्यांना चहा पाजला असणार असा आरोप. आम्ही तिला भेटायला जायचो तेव्हा खरंच बाहेरून चहा पिऊन जायचो.

मधली_आळी
आमच्याकडे दुधाची कुपनं होती. मी चाळीस रुपये वाचवून टिकल्यांच्या पाकिटात ठेवायचे. पीएच.डी. झालेली बाई मी. इतकी वर्षं हे कुणाला सांगितलं नव्हतं, आज इथे लिहितेय.

फॅमिली_कोर्टातली
वांद्र्याला आणि ठाण्याला मिळून चौदा वर्षं प्रॅक्टिस आहे. नाव देत नाही, आणि हा तुमच्या वकिलांच्या सल्ल्याला पर्याय समजू नका, पण पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी ठामपणे देऊ शकते.

२००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा, जो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे, त्याचं कलम ३ उघडून वाचा. त्यात शारीरिक, लैंगिक, तोंडी आणि भावनिक, आणि आर्थिक असे चार प्रकार स्पष्ट लिहिलेत. पगार काढून घेणं, घरखर्चाला पैसे न देणं, माणसांना भेटू न देणं हे सगळं त्यात येतं. "मारलं नाही म्हणजे हिंसा नाही" असं कायदा म्हणत नाही, ते चौकीतला माणूस म्हणतो. आणि घटस्फोटासाठी मानसिक क्रूरता पुरेशी असते, सर्वोच्च न्यायालयाने २००७ च्या समर घोष खटल्यात मानसिक क्रूरतेची उदाहरणंच दिलीत.

आता कागद. अटी एकेक करून घेते, कारण यातल्या काही बाईला घाबरवण्यासाठीच घातल्यात असं दिसतंय.

मुलीची पोटगी हा मुलीचा हक्क. तुम्ही तुमची सोडू शकाल, तिची तिच्या वतीने सोडून देता येत नाही. गोळ्यांचं म्हणाल तर मुलाचा ताबा ठरवताना मुलाचं हित सर्वांत वर असतं आणि वेळेवर उपचार घेणारी आई ही काही नालायक आई ठरत नाही. डॉक्टरांकडून साधं पत्र घेऊन ठेवा की नियमित उपचार चालू आहेत आणि त्या मुलीची नीट काळजी घेतात. पिनकोडची अट तर मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकतेय. तुम्ही उद्या नोकरी बदललीत तर?

शुक्रवारची मुदत कुठल्याही कायद्यात नाही. ती त्यांच्या ऑफिसातून निघालेली आहे.

आणखी एक. समजा कुणी सही करून बसलं असेल तरी परस्पर संमतीच्या अर्जात शेवटचा हुकूम होईपर्यंत संमती मागे घेता येते, हे १९९१ पासून ठरलेलं आहे. पण म्हणून आधी सही करून मग बघू असं करू नका. ती सही नंतर ताब्याच्या प्रत्येक अर्जात तुमच्या तोंडावर मारतील.

अबोली_नवी
गुळपोळी, जेवले. फॅमिली_कोर्टातली ताई, तुमचा प्रतिसाद तीन वेळा वाचला आणि आईला मोठ्याने वाचून दाखवला. त्यांचे वकील म्हणतात की आता मी त्याच्याबरोबर राहतच नाही त्यामुळे डीव्हीचा अर्ज टिकणार नाही. हे खरं आहे का?

फॅमिली_कोर्टातली
नाही. प्रभा त्यागी, २०२२, सर्वोच्च न्यायालय. अर्ज करताना एकाच छताखाली राहत असायला हवं अशी अट नाही. तुमच्या वकिलांना नुसतं नाव सांगा, त्यांना कळेल.

वाड्यातली_काकू
मी सदुसष्ट वर्षांची आहे. राग येईल कदाचित, पण लिहिते. आमच्या वेळी हे सगळं होतं. ह्यांनी मला तीस वर्षं हातात पैसा दिला नाही. मी नांदले, दोन मुलं शिकवली, आज दोघं परदेशात आहेत. अकरा वर्षांचा संसार मोडताना मुलीचा विचार करावा असं वाटतं. बाप वाईट असला तरी बाप लागतो. नवरा हिशेब मागतो म्हणजे छळ, हे मला अजून पटत नाही.

निशिगंध_ठाणे
काकू, आदर ठेवून विचारते. तुमची मुलं परदेशात आहेत, ती घरी फोन करतात तेव्हा कुणाशी बोलतात?

वाड्यातली_काकू
माझ्याशी. ह्यांच्याशी बोलत नाहीत.

एक_बापमाणूस
धागा एकतर्फी चाललाय म्हणून लिहितोय. मी घटस्फोटित बाप आहे. माझ्यावर ४९८अ (बायकोच्या छळाचं कलम) लागलं, माझ्या पासष्ट वर्षांच्या आईचं नाव त्यात घातलं, ती घरात कुणाशी मोठ्याने बोलत नाही. मुलाला गेल्या चौदा महिन्यांत मी एकूण सहा वेळा भेटलोय, कोर्टाच्या आवारात, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून. आठ दिवसांतून एकदा व्हिडिओ कॉल मिळावा म्हणून मी अर्ज करतोय आणि इथे रोजचा कॉल म्हणजे छळ म्हणताय. बाईंची बाजू खरी असेल, पण बापाने मुलीशी रोज बोलावंसं वाटणं हा गुन्हा आहे का?

सह्यकडा
दादा, तुमचं दुःख खरं आहे आणि तुमचा अर्ज मंजूर व्हावा असं मनापासून वाटतं. पण ती अट परत एकदा वाचा. "आईने त्याच खोलीत थांबायचं." मुलीशी बोलायचंय तर आई खोलीत कशाला हवी? रोज आठ ते नऊ आई कुठे आहे, मागे घर कुणाचं आहे, कोण आलंय, हे बघायला तो कॉल आहे. जेवणाच्या सुट्टीतला कॉल होता ना, तोच आता मुलीच्या नावाने चालू ठेवायचाय.

एक_बापमाणूस
हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. परत वाचलं. तुमचं बरोबर आहे. मी माझ्या अर्जात बायको खोलीत असावी असं कधी लिहिलं नसतं, उलट ती नसावी असंच वाटतं.

परिचारिका_२२
मला इथे थांबून एक गोष्ट सांगायची आहे आणि ती पोटगीपेक्षा महत्त्वाची आहे.

अबोलीताई, तुम्ही लिहिलंत की गळा धरला ते मी मारण्यात धरत नाही. मी सरकारी रुग्णालयात अपघात विभागात सोळा वर्षं काढलीत. गळा धरणं हे थप्पडीपेक्षा कितीतरी गंभीर असतं. बाहेरून कधीकधी वळसुद्धा दिसत नाही, आतून सूज येऊ शकते, आवाज बसतो, गिळायला त्रास होतो, काही जणींना त्या काही सेकंदांचं नीट आठवतच नाही. आणि ज्या माणसाने एकदा गळा धरला त्याच्याकडून पुढे जिवाला धोका जास्त असतो, हे जगभर या क्षेत्रात काम करणारे लोक सांगतात. त्याने नंतर पाणी आणून दिलं म्हणून ते कमी होत नाही. नंतर आवाज बसला होता का तुमचा? आठवून लिहून ठेवा, तारखेसकट.

आणि बाई घर सोडते तो काळ, सोडल्यानंतरचे महिने, हा सगळ्यात जोखमीचा काळ असतो. लोकांना वाटतं बाहेर पडली म्हणजे सुटली. तसं नसतं. हातातून निसटतेय हे कळतं तेव्हाच काही माणसं जास्त बिथरतात. मुलीला सोडायला-आणायला एकटी जाऊ नका, त्याच्या घरी तर अजिबात नको. ११२ आणि १८१ हे दोन नंबर आईच्या फोनमध्येही घालून ठेवा.

अबोली_नवी
आवाज बसला होता. चार दिवस. ऑफिसात मी सर्दी झाली म्हणून सांगितलं होतं. मला आत्ता हे लिहिताना हात थरथरतायत. आजवर कुणी हे विचारलंच नव्हतं.

गुळपोळी
आम्ही आहोत इथेच. सावकाश.

पूर्वीची_संरक्षण_अधिकारी
महिला व बालविकास विभागात संरक्षण अधिकारी म्हणून काही वर्षं काम केलंय. समुपदेशक मॅडमनी फक्त मारलं का एवढंच विचारलं हे वाचून वाईट वाटलं, कारण आम्ही जो कौटुंबिक घटना अहवाल भरतो (डीआयआर म्हणतात त्याला) त्या छापील नमुन्यात हे सगळे रकाने आहेत. चारित्र्यावर संशय घेणं. नोकरी करू न देणं. घराबाहेर पडू न देणं. विशिष्ट व्यक्तीला भेटू न देणं. मुलांच्या पालनपोषणाला पैसे न देणं. पगार जबरदस्तीने काढून घेणं. न विचारता स्त्रीधन विकणं किंवा गहाण टाकणं. एवढंच काय, घरातल्या एखाद्या भागात जाऊ न देणं, वीजबिल न भरणं हेही आहे. २००६ च्या नियमांबरोबर आलेला नमुना आहे हा, कुणीतरी बायकांचं ऐकून बसून तयार केलेला. तुमचा डीआयआर झालाय का? झाला नसेल तर तुमच्या भागातल्या संरक्षण अधिकाऱ्याकडे जा, पैसे लागत नाहीत. आणि तो भरताना "त्रास देतो" असं एका ओळीत लिहू नका. चुंबक, दोनशे रुपये, कोथिंबीर, भाजीवाल्याला फोन, तसंच्या तसं सांगा. मॅजिस्ट्रेट साहेब दिवसाला असे कितीतरी अर्ज वाचतात, "त्रास" हा शब्द त्यांच्या डोळ्यांखालून निघून जातो. कोथिंबीर जात नाही.

वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. बाईला तिथे उत्पन्नाची अट नाही, कितीही पगार असला तरी मोफत वकील मिळतो. खूप जणींना हे माहीत नसतं.

लातूरकर
आमच्याकडं हे चित्र येगळं दिसतं पण गोष्ट तीच. माझ्या चुलत बहिणीला आधी "नांदायला ये" म्हणून कलम नऊची नोटीस आली. लोकं म्हणले बघ, नवरा तर बोलवायलाय. बैठक बसली, पाहुणे जमले, चहा-पोहे झाले, कुणीबी पोरीला आत बोलवून विचारलं नाही. ती गेली नांदायला. दोन महिन्यांत लेकरू ठेवून घेतलं आन तिला एकटीला बसस्टँडवर सोडलं. आता नोटीस म्हणते की ती सोता लेकरू टाकून गेली. लेकरू तीन वर्षांचं आहे.

फॅमिली_कोर्टातली
लातूरकर दादा, हे ताबडतोब हलवा. पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा सर्वसाधारणपणे आईकडे असावा असं १९५६ च्या कायद्यात आहे. आणि डीव्ही कायद्याच्या कलम २१ खाली तात्पुरता ताबा मागता येतो, त्यासाठी ताब्याच्या मूळ दाव्याच्या निकालाची वाट बघावी लागत नाही. जितके महिने जातात तितकं "मूल तिथे रुळलंय" हा मुद्दा मजबूत होतो. बहिणीला घेऊन या आठवड्यात तालुक्याच्या विधी सेवा समितीत जा.

लातूरकर
सोमवारी जातो मॅडम. लई उपकार.

टेस्टर_टिल्लू
फोनबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून. फोन अकरा वर्षं त्याच्या उशाखाली होता म्हणजे त्यात काय काय आहे सांगता येत नाही. आजच्या आज: व्हॉट्सॅपमध्ये लिंक्ड डिव्हायसेस उघडा, अनोळखी काही दिसलं तर आधी स्क्रीनशॉट काढा, मग लॉगआउट करा. गुगल अकाउंटला रिकव्हरी नंबर आणि ईमेल कुणाचा आहे ते बघा. आधारला आणि बँकेला जोडलेला मोबाइल नंबर कुणाचा आहे? ओटीपी त्याच्याकडे जात असतील तर बाकी सगळं फुकट आहे. वकिलांशी बोलायला नवीन ईमेल आणि शक्य असेल तर दुसरा साधा फोन. मुलीकडे सिमवालं घड्याळ वगैरे दिलंय का त्याने? तिच्या दप्तराचे कप्पेही बघा.

जुने चॅट डिलीट करू नका, कितीही घाण वाटली तरी. एक्स्पोर्ट करून दुसरीकडे ठेवा.

फॅमिली_कोर्टातली
आणि ते कोर्टात लावताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं, जुनं ६५ब. नवराबायकोतलं गुपचूप रेकॉर्डिंग वैवाहिक खटल्यात पुरावा म्हणून चालू शकतं असंही सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये म्हटलंय. पण म्हणून मुद्दाम भांडण काढून रेकॉर्ड करायला जाऊ नका, परिचारिका_२२ यांनी वर लिहिलंय ते लक्षात ठेवा.

अबोली_नवी
दप्तर बघितलं. पाण्याच्या बाटलीच्या कप्प्याला आतून एक चपटं गोल लावलेलं होतं, रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडं मोठं, वर सेलोटेप. म्हणजे मागच्या रविवारी मी मैत्रिणीकडे गेले होते ते त्याला कसं कळलं हे मला आज कळलं.

टेस्टर_टिल्लू
फेकू नका! मोडूही नका. दप्तरात होतं तसा फोटो काढा, तारीख दिसेल असा, आणि आत्ताच वकिलांना फोन करा.

मधली_आळी
देवा.

स्लाव_वरून_वैदेही
मी इंग्लंडमध्ये असते. इथे या वागण्याला कायद्यात स्वतःचं नाव आहे, "कंट्रोलिंग ऑर कोअर्सिव्ह बिहेवियर", आणि तो फौजदारी गुन्हा आहे, डिसेंबर २०१५ पासून. म्हणजे एकेक घटना सिद्ध करत बसायचं नाही, वागण्याची अख्खी साखळी दाखवायची. सुरुवातीला ही तरतूद नातं चालू असलेल्यांपुरती किंवा एकत्र राहणाऱ्यांपुरती होती, वेगळी झालेली बाई त्यात बसायची नाही. मग एप्रिल २०२३ पासून विभक्त झालेले जोडीदारही आत आले, कारण छळ घर सोडल्यावर थांबत नाही हे इथल्या बायकांनी वर्षानुवर्षं ओरडून सांगितलं. मी त्यातलीच एक. माझ्या माजी नवऱ्याने सात वर्षं माझा पासपोर्ट ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवला होता आणि मला सांगायचा की पोलिसांकडे गेलीस तर व्हिसा जाईल. ते खोटं होतं. छळ झालेल्या, जोडीदाराच्या व्हिसावर असलेल्या बाईसाठी इथे वेगळी सोय आहे. मला ती एका गुजराती बाईने सांगितली, लॉन्ड्रीमध्ये, कपडे वाळत असताना.

मराठीत याला शब्द काय असा विचार करत होते. "जाच" म्हणायची माझी आजी. सासुरवासाचा जाच. जात्यात हळूहळू भरडल्यासारखं वाटतं तो शब्द उच्चारताना.

सह्यकडा
जाच. अगदी बरोबर. छळ म्हटलं की लोकांना चटके आणि पट्टा आठवतो. जाच रोजचा असतो.

आकडेमोड
सर्वेक्षणाच्या कामात होते म्हणून थोडी भर. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१ ची फेरी) १८ ते ४९ वयाच्या विवाहित किंवा एकदा तरी लग्न झालेल्या बायकांपैकी २९.३ टक्के बायकांनी नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचं सांगितलं. पण त्याच प्रश्नावलीत याच्या आधी एक वेगळा गट असतो: नवरा मैत्रिणींना भेटू देत नाही का, माहेरच्यांशी संपर्क कमी करायला बघतो का, तू कुठे आहेस हे सतत विचारतो का, परपुरुषाशी बोललीस की संशय घेतो का. मारहाणीच्या प्रश्नाला बायका पटकन "नाही" म्हणतात. या प्रश्नांना आधी थांबतात, मग दाराकडे बघतात. मुलाखत घेणारीला एकांत नसेल तर हा भाग विचारायचाच नाही असा नियम असतो, आणि मी किती वेळा तो भाग न विचारता उठून आलेय त्याचा हिशेब नाही, कारण सासू भाजी निवडायला तिथेच येऊन बसायची.

शनिवारचा_मुलगा
मी चोवीस वर्षांचा आहे. इथे आईचा आयडी आहे, मी तिच्यामुळे वाचतो. वाड्यातल्या काकूंनी बाप लागतो असं लिहिलं म्हणून लिहितोय. भांडायला नाही लिहीत.

माझे आईबाबा मी नऊ वर्षांचा असताना वेगळे झाले. शुक्रवार ते रविवार बाबांकडे, अगदी याच कागदात आहे तसं. बाबा मला कधी ओरडले नाहीत. पिझ्झा मागवायचे. मग पिझ्झा खाताना विचारायचे, आईकडे कोण येतं, आईने नवीन ड्रेस घेतला का, आई रात्री कुणाशी बोलते. मी उत्तर दिलं की खूश व्हायचे, नाही दिलं की रविवार रात्रीपर्यंत बोलायचे नाहीत. मी नऊ वर्षांचा होतो. मग मी आईकडे असतानाच लक्षात ठेवायला लागलो, काय काय सांगायचं ते. सोमवार ते गुरुवार गोळा करायचं, शनिवारी द्यायचं. शुक्रवारी दुपारी मला शाळेत उलटी व्हायची, डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं, दोनदा.

आईला मी हे एकवीस वर्षांचा झाल्यावर सांगितलं. मी तिची चुगली करायचो हे सांगायला मला बारा वर्षं लागली.

ताई, बाबांना भेटू देऊ नका असं मी म्हणत नाही. मला बाबा हवे होते. पण दोन रात्री नको, आणि तिला आल्याआल्या "काय म्हणाले बाबा" असं विचारू नका. तिला काहीच विचारू नका. दूध द्या आणि खेळू द्या.

एक_बापमाणूस
बाळा, हे लिहिलंस त्याबद्दल आभार. मी पण मुलाला विचारतो, आई काय करते. वाईट हेतू नसतो, चौकशी म्हणून. यापुढे नाही विचारणार.

वाड्यातली_काकू
दोन दिवस या धाग्यावर आले नाही. मधली_आळीचं टिकल्यांचं पाकीट डोळ्यांसमोरून जात नव्हतं. माझं हिंगाच्या डबीत असायचं. मी त्याला काटकसर म्हणत आले. अबोली, मुली, सही करू नकोस. तुझ्या आईला माझा नंबर हवा असेल तर मेसेज कर, आम्ही दोघी बोलू. तिला भीती कशाची वाटतेय ते मला कळतंय, माझ्या वयाचीच असेल.

पूर्वीची_संरक्षण_अधिकारी
भेटीचं म्हणाल तर सरसकट नकार कोर्टाला आवडत नाही, आणि मुलीसाठीही बरं नाही. पर्याय मागा. सुरुवातीला दिवसाची भेट, रात्रीचा मुक्काम नाही. कोर्टाच्या आवारातल्या मुलांच्या खोलीत किंवा तिसऱ्या माणसाच्या उपस्थितीत. मुलीची नेआण तुम्ही न करता मामा किंवा दोघांना चालेल असा नातेवाईक. कॉल आठवड्यातून दोन-तीन, वीस मिनिटं, मुलीच्या हातात फोन, आई दुसऱ्या खोलीत. दोघांतले निरोप फक्त ईमेलवर. यात बापाची भेट कुठेच अडत नाही. जर त्याला फक्त मुलगी हवी असेल तर याला नकार द्यायला कारण नाही, आणि दिलाच नकार तर न्यायाधीशांनाही काहीतरी दिसेल.

फॅमिली_कोर्टातली
+१. आणि दोन्ही बाजूंनी उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र मागा, २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून पोटगीच्या प्रकरणात ते द्यावंच लागतं. अकरा वर्षांचे तुमचे पगार त्याच्या खात्यात कसे गेले ते तुमच्या बँक स्टेटमेंटमध्येच दिसेल. काढलंय का?

अबोली_नवी
नऊ दिवसांनी येतेय. प्रत्येकाला वेगळं उत्तर लिहायचं होतं, जमत नाहीये, एकत्रच लिहिते.

सही केली नाही. शुक्रवार आला आणि गेला. संध्याकाळी सहापर्यंत फोनकडे बघत बसले होते, मग मुलीने भूक लागली म्हणून सांगितलं तेव्हा उठले. सोमवारी त्यांच्या वकिलांचा दुसरा मेसेज आला, त्यात मुदत पुढच्या महिन्याची होती.

दप्तरातल्या वस्तूचा फोटो आणि वस्तू दोन्ही वकिलांकडे दिलंय. संरक्षण अधिकाऱ्यांकडे डीआयआर भरला. बाईंनी गळ्याबद्दल स्वतःहून विचारलं. मी चार दिवस आवाज बसल्याचं सांगितलं आणि त्यांनी पेन खाली ठेवून आधी पाणी दिलं. त्या दिवाळीचं पाणी आठवलं, पण हे वेगळं होतं. ऑफिसातल्या त्या वेळच्या मेसेजमध्ये "घसा बसलाय, कॉलवर बोलू शकत नाही" असं मीच लिहिलेलं सापडलं, तारखेसकट. तोही लावलाय.

बँकेचं स्टेटमेंट काढलं. पगार जमा झाल्याच्या दुसऱ्या दिवशी पूर्ण रक्कम त्याच्या खात्यात, दर महिन्याला, अकरा वर्षं. आधारचा नंबर बदलला, आता ओटीपी माझ्या फोनवर येतो.

भेटीचा वेगळा प्रस्ताव आम्ही दिलाय, वर लिहिलाय जवळजवळ तसाच. पुढची तारीख एकवीसला आहे. काकू, आईने तुम्हाला फोन केला ना? दीड तास बोललात म्हणे. ती आता सही कर म्हणत नाही.

शनिवारच्या मुला, मी तिला काही विचारत नाही. काल ती स्वतःहून म्हणाली की बाबांनी बाटलीच्या कप्प्यात काहीतरी ठेवलं होतं आणि तुला सांगायचं नाही असं सांगितलं होतं, आणि तिला वाटत होतं की ते मला सापडलं तर मी तिला रागवेन. मी म्हटलं नाही गं. मग तिने दूध प्यायलं आणि खाली खेळायला गेली.

लातूरकर
ताई, सोमवारी गेलो होतो. तालुक्याच्या समितीत वकील बाई मिळाल्या, अर्ज लागला. बहीण म्हणाली त्या धाग्यावरच्या मॅडमला सांग.

गुळपोळी
अबोली, एकवीसला कितीला आहे गं तारीख? सोबत कोण येतंय? मी पुण्यातच आहे, सुट्टी टाकते.

अबोली_नवी
साडेअकराला. आई येणार आहे. तू पण ये.